पाटीवरचा पार्थेनॉन बघू नका

प्रश्न : चैत्रात आम्ही दोघं तीन महिन्यांसाठी मुलाकडे मेलबर्नला चाललोय. तो क्लेटनला राहतो. ह्यांची एकसष्टी तिथेच येतेय आणि सूनबाईंनी जाहीर केलंय की सगळ्यांना ग्रीक हॉटेलात न्यायचं. तिथे म्हणे ग्रीक हॉटेलं पैशाला पासरी आहेत, त्यातलं चांगलं कुठलं हेच कळत नाही. तुमचं सदर मी वाचते म्हणून तुम्हाला विचारायचं काम माझ्याकडे आलं. हे पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. मी मासे खाते, मुलगा काहीही खातो. मित्रमंडळी धरून नऊ-दहा जण होऊ. हॉटेल ओळखायचं कसं? आणि ह्यांच्या ताटात पडेल काय?
— वि. कु., नाशिक

उत्तर : ताई, मुलगा क्लेटनला म्हणजे तुमचं निम्मं काम झालं. शहराकडे जाणारी लोकल पकडायची, हंटिंगडेल सोडायचं आणि पुढच्या ओकली स्टेशनला उतरायचं. दोन मिनिटं चाललात की ईटन मॉल लागतो. मॉल म्हटल्यावर सरकते जिने डोळ्यांपुढे आणू नका. ही गाड्यांना बंदी असलेली एक आखूड गल्ली आहे. दोन्ही बाजूंना टेबलं मांडलेली, आणि सकाळी दहापासून रात्री उशिरापर्यंत त्यांवर ग्रीक माणसं बसलेली. समोर फेसाळ थंड कॉफीचा उंच ग्लास. तो एक ग्लास दोन तास पुरवायचा आणि तेवढ्या वेळात सरकार, फुटबॉल आणि जावई या तिन्हींचा निकाल लावायचा, असा तिथला दिनक्रम.

मी याच भागात वयस्कर माणसांच्या घरी जाऊन त्यांची देखभाल करण्याचं काम करते. औषधं, आंघोळ, जखमेची पट्टी, थोडं बोलणं. माझ्याकडचे निम्मे म्हातारे-म्हाताऱ्या ग्रीक. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे खायची भ्रांत होती. 1952 साली ऑस्ट्रेलिया आणि ग्रीसमध्ये स्थलांतराचा करार झाला आणि माणसांनी भरलेली जहाजं इकडे येऊ लागली. 1959 च्या अखेरीस ‘पात्रिस’ जहाजाच्या फेऱ्या सुरू झाल्या. त्यातून आलेल्या मुली आज माझ्या आज्या आहेत. 2021 च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियात ग्रीक वंशाचे सव्वाचार लाखांच्या आसपास लोक नोंदले गेले आणि त्यांचा सर्वांत मोठा वाटा आमच्या व्हिक्टोरिया राज्यात आहे. त्यामुळे हॉटेलं पैशाला पासरी, हे सूनबाईंचं म्हणणं खरं.

आता ओळखायचं कसं? या आज्यांना मी विचारलं, तर प्रत्येकीचं पहिलं उत्तर एकच : हॉटेलात कशाला जायचं, घरी काय मेलंय? मग जरा वेळाने दुसरं उत्तर येतं, आणि ते ऐकण्यासारखं असतं. त्या मटणाबद्दल बोलतच नाहीत. निखाऱ्यावर मांस कुणीही भाजेल म्हणतात. भाजी काय केलीय ते बघ.

दक्षिण ग्रीसमधल्या कालामाताजवळच्या एका खेड्यातल्या आजी आहेत माझ्याकडे. गुडघे गेलेत, पण परसातली भाजी दुसऱ्या कुणाला खुडू देत नाहीत. मला शेजारी उभं करतात, माझ्या दंडाचा आधार घेतात आणि अंगठ्याच्या नखाने एकेक कोवळा शेंडा तोडतात. नख सहज आत गेलं नाही तर तो देठ झाडालाच राहतो. पहिल्यांदा ते वाफे पाहिले तेव्हा मी हसले, कारण तो चक्क आपला माठ होता. त्यांच्याकडे त्याला व्लीता म्हणतात. वाफ्याच्या कडेने घोळसुद्धा पसरलेली, तीही ते लोक खातात, सॅलडमध्ये कच्चीच. आजी व्लीता मिठाच्या उकळत्या पाण्यात टाकतात, सोबत बोटाएवढे कोवळे झुकिनी. शिजलं की निथळायचं, वरून ऑलिव्ह तेल आणि अर्धं लिंबू. ना लसूण, ना फोडणी. मला सुरुवातीला ते आजाऱ्याचं जेवण वाटायचं. आता हंगाम संपला की चुकल्याचुकल्यासारखं होतं.

या उकडलेल्या पालेभाज्यांना होर्ता म्हणतात. हॉटेलात गेलात की मेनूकार्डात होर्ता शोधा. असेल तर वाढणाऱ्याला विचारा, आज कुठली भाजी आहे? उन्हाळ्यात माठ, थंडीत रादिकिया नावाची कडवट पानं, असं ऋतूप्रमाणे बदलायला हवं. “आज रादिकिया, जरा कडू असते, चालेल ना?” असं उत्तर आलं तर खुर्ची ओढा आणि बसा. “ग्रीन्स म्हणजे... ग्रीन्स” असं आलं तर कॉफी पिऊन उठा. तुम्ही पोचाल तेव्हा इथे शरद ऋतू असेल, माठ संपत आलेला असेल, तेव्हा कडू पानांची तयारी ठेवा. नाशिकच्या माणसाला मेथी चालते, ही पण चालेल.

दुसरी परीक्षा सॅलडची. ग्रीक गावरान सॅलड, म्हणजे होरियातिकी, यात टोमॅटो, काकडी, कांदा, ऑलिव्ह, जमलं तर हिरवी ढोबळी मिरची, आणि वर फेटा चीजचा अख्खा तुकडा, त्यावर ओरेगॅनो. लेट्यूसची पानं नाहीत. लेट्यूस पसरून जागा भरलेली दिसली आणि फेटा चुरून वर भुरभुरलेला असला की समजा, तिथे हात आखडता आहे. आणखी एक गंमत : ऐन थंडीत, जुलै-ऑगस्टमध्ये, खरा ग्रीक स्वयंपाकी टोमॅटोचं सॅलड द्यायला जरा नाराज असतो. तो तुम्हाला कोबी-गाजराचं सुचवेल. गिऱ्हाईक मागतं म्हणून फिका टोमॅटो कापून देणारे पुष्कळ. “आज टोमॅटो बरा नाही” असं तोंडावर सांगणारा सापडला तर त्याला धरून ठेवा.

तिसरी गोष्ट, कालचं आणि आजचं शिजवलेलं. भाजलेल्या मांसाशिवाय आज भांड्यात काय शिजलंय, हे विचारा. तेल-टोमॅटोत मंद शिजवलेल्या फरसबी, भेंडी, वांगी, वाटाणे, अशा भाज्यांचा तिकडे मोठा प्रकार आहे, त्यांना लादेरा म्हणतात. त्या सकाळी शिजवून दुपारी कोमट वाढतात. वाफाळत्या आल्या नाहीत म्हणून परत पाठवू नका, त्या तशाच खायच्या असतात. आणि रात्री आठला “संपलं” असं कळलं तर ती चांगली खूण आहे. सगळ्या दिवशी सगळं मिळतं तिथे फ्रीझर मोठा असतो.

निळ्या-पांढऱ्या भिंती, पाटीवर पार्थेनॉन म्हणजे अथेन्सचं ते खांबांचं जुनं देऊळ, खांबांना गुंडाळलेल्या प्लॅस्टिकच्या द्राक्षवेली, यांवरून काहीच कळत नाही. चांगल्या ठिकाणीही असतात, भिकार ठिकाणीही असतात. फक्त ‘ग्रीक रिवाजाप्रमाणे आमच्याकडे थाळ्या फोडायला मिळतील’ अशी जाहिरात असेल तर टाळा. तिथे लक्ष थाळीतल्या पदार्थाकडे नसतं.

आता साहेबांच्या ताटाकडे येऊ. ताई, ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांचा ईस्टरआधी सात आठवड्यांचा उपास असतो. मांस नाही, मासे नाहीत, अंडी नाहीत, दूधदुभतंही नाही. भाविक माणसं वर्षभर बुधवार-शुक्रवारही पाळतात. त्यामुळे डाळी-कडधान्यं आणि भाज्यांवर जगायची त्यांना शतकानुशतकांची सवय आहे. उपासाला चालणाऱ्या पदार्थाला ते निस्तीसिमो म्हणतात. हा शब्द टेबलावर उच्चारलात की वाढणाऱ्याचा चेहरा बदलतो, आतून कुणीतरी डोकावून बघतं. चैत्रात पोचलात तर तो उपास चालू असेल किंवा नुकताच सुटला असेल, जुन्या वळणाच्या दुकानांत असे पदार्थ मिळतील.

पण इथेच एक खड्डा आहे. ज्यांच्या अंगात रक्त नाही ते समुद्रातले जीव त्यांना उपासाला चालतात. कोळंबी, शिंपल्या, माकूळ, ऑक्टोपस. तेव्हा ‘निस्तीसिमो’ एवढ्यावर थांबू नका. समुद्रातलंही काही नको, हे वेगळं सांगा. ब्रेडबरोबर ज्या वाट्या येतात त्यांत गुलाबी किंवा मोतिया रंगाची एक असते, तारामा. ती माशांच्या अंड्यांची. साहेबांपासून लांब ठेवा, तुम्ही मात्र नक्की खा. भडक गुलाबी असेल तर रंग घातलेला, फिकट असेल ती घ्या.

त्यांच्यासाठी मागवा : यीगांतेस, म्हणजे टोमॅटोत भट्टीत शिजवलेले मोठ्ठे पांढरे घेवड्याचे दाणे (सॉसेज नाही ना, विचारा). ब्रियाम, मिश्र भाज्या ऑलिव्ह तेलात भाजून. स्पानाकोरिझो, पालक-भात, वर लिंबू. आणि फावा, पिवळ्या डाळीचं घोटलेलं घट्ट वरण, वर कच्चा कांदा आणि तेल. सँटोरिनी बेटावरची खरी फावा ज्या दाण्याची करतात तो आपल्या विदर्भातल्या लाखोळीच्या कुळातला आहे. इथल्या हॉटेलांत मात्र बहुतेक साधी वाटाण्याची डाळ असते. तरी साहेबांना पोटभरीचं आणि ओळखीचं वाटेल. त्झात्झीकी घ्याच, तो चक्क्यात काकडी-लसूण घातलेला प्रकार आहे. लसूण चालते ना? नसेल चालत तर हा देश सोडून दुसरा निवडा.

अंड्यासाठी डोळे उघडे ठेवायची जागा म्हणजे स्पानाकोपिता. पालक आणि फेटाची ही खुसखुशीत वडी निरागस दिसते, पण सारण बांधायला बरेच जण अंडं घालतात. लिंबाचं पिवळसर दाट सार दिसलं तर त्यात अंडं असतं, बहुतेकदा कोंबडीचं पाणीही. द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्यांत थंड असतील तर सहसा नुसता भात, गरम असतील तर खिमा, तरी विचारून घ्या. मूसाका म्हणजे वांगी, खिमा आणि वर पांढरा सॉस असे थर, त्याच्या वाटेला जाऊ नका. ‘व्हेजिटेरियन मूसाका’ नावाने जे येतं त्याच्या वरच्या पांढऱ्या थरातही अंडं असू शकतं. फेटा आणि इतर जुन्या चीजांत वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं विरजण वापरण्याची पद्धत आहे. तुमच्याकडे तेवढं पाळत असतील तर चीज सोडून द्या, बाकी पुष्कळ आहे.

माणसं नऊ-दहा म्हटल्यावर हॉटेलवाले ‘बँक्वेट’ घ्या म्हणतील, माणशी ठरावीक रक्कम आणि एकामागून एक ताटं. शाकाहाऱ्याला ते परवडत नाही. साहेबांनी बटाटे खायचे आणि कोकराचे पैसे भरायचे, असं होतं. फोनवर आधीच बोलून घ्या : अर्धं टेबल आम्ही आमच्या निवडीने मागवू. रविवारची दुपार चांगली, चर्चहून सरळ आलेली कुटुंबं दिसतील, आजोबांपासून तान्ह्यापर्यंत. अशा टेबलांची संख्या हीसुद्धा एक खूण आहे. मात्र रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी बिलावर जादा टक्के लावतात, मेनूच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, सूनबाईंना वाचायला सांगा. टिप सक्तीची नाही. आणि ग्रीक ईस्टरच्या रविवारी साहेबांना घेऊन बाहेर पडू नका. त्या दिवशी ठिकठिकाणी अख्खं कोकरू निखाऱ्यावर फिरत असतं.

एक शेवटचं. मालक किंवा त्याची आई गल्ल्यावर दिसली तर विचारा, “अपो पू इस्ते?” तुम्ही कुठल्या गावचे? क्रीटचा माणूस एक पदार्थ सांगेल, लेस्बॉसचा दुसरा, सायप्रसचा तर भांडून तिसरा सांगेल. तो मागवा. कार्डावर नसला तरी.

प्रश्न : मी मोनॅश विद्यापीठात शिकतो, मूळ सांगलीचा. मित्र म्हणतात ग्रीक खायचं तर शहरात लॉन्सडेल स्ट्रीटला जायला हवं. खिसा बेताचा आहे. जाऊ का?
— ओं. पा., क्लेटन

उत्तर : एकदा जरूर जा, पण पोट भरायला नाही, बघायला. लॉन्सडेल आणि रसेल रस्त्याच्या कोपऱ्यावरचं ‘स्टॅलॅक्टाइट्स’ 1978 पासून आहे. छताला गुहेतल्यासारखे चुन्याचे सुळके लोंबतात, नाव त्यावरूनच. एके काळी त्या रस्त्यावर ओळीने ग्रीक दुकानं होती. आता मोजकी उरली आहेत, बाकी वस्ती उपनगरांत पांगली. ग्रीकांचा रस्त्यावरचा मोठा उत्सव मात्र अजून तिथेच भरतो. फुकट आहे, नाच आहे, विद्यार्थ्याला आणखी काय हवं?

रोजच्यासाठी तुझं ओकलीच बरं. चेस्टर स्ट्रीटवर ‘कालिमेरा’ आहे, तिथे पिटा नावाच्या रोटीत गुंडाळलेलं सुवलाकी, म्हणजे भाजलेलं मांस, घे. आत चारदोन फ्रेंच फ्राइज घातलेले असतात, ते चूक नाही, ग्रीसमध्येही घालतात. एकाने जेवण होतं. रांग मोठी दिसली तरी थांब, ती भरभर सरकते. मांस खात नसलास तर हालूमी चीज घातलेलं माग.

आणि महिनाअखेरीला ग्रीक किराणा दुकानात जा. डब्यातल्या यीगांतेसचा एक डबा, पाव, मूठभर ऑलिव्ह, फेटाचा छोटा तुकडा. फेटा घेताना लेबल वाच : इथे गाईच्या दुधाचाही त्याच नावाने विकतात. ग्रीसहून आलेला मेंढीच्या दुधाचा असतो, त्यात फार तर तीस टक्के बकरीचं. तो थोडा महाग, पण तुकडा लहान घे. वर ओरेगॅनो आणि तेल टाकलंस की खोलीतले दोघेतिघे जेवतील. घरच्यांना फोटो पाठव, आईला बरं वाटेल.

प्रश्न : तुम्ही सगळं मेलबर्नचं सांगता. आम्ही साताऱ्यात बसून काय करायचं? शिवाय ती ऊझो नावाची दारू काय प्रकार आहे? भाचा घेऊन आलाय, बाटली कपाटात आहे, सौ.ला माहीत नाही.
— एक वाचक, सातारा

उत्तर : काका, सौ.ही हे सदर वाचत असतील तर आता माहीत झालं.

ऊझोला बडीशेपेसारखा वास येतो. पाणी किंवा बर्फ घातला की पांढरीधोप होते, बाटली खराब निघाली असं समजू नका. चाळीस टक्क्यांच्या घरातली दारू आहे, एका घोटात घशाखाली लोटायची नाही. ग्रीक माणूस छोट्या ग्लासात ओततो, पाणी घालतो आणि सोबत तळलेले मासे, ऑलिव्ह, काकडी असं काहीतरी खात संध्याकाळभर पुरवतो. रिकाम्या पोटी तर मुळीच नको.

साताऱ्याहून तुम्हाला सोयीचं म्हणजे गोवा. वागातोरला सुरू झालेलं आणि नंतर शिवोलीला हललेलं ‘थलासा’ हे ग्रीक हॉटेल प्रसिद्ध आहे. सूर्यास्ताला गर्दी उसळते, टेबल आधी सांगून ठेवा. होर्ताची चौकशी तिथेही करून बघा, आणि काय उत्तर मिळतं ते मला कळवा.

नाहीतर घरी सौ.ला खूश करायला ग्रीक हलवा करा. तो उपासाच्या दिवसांत होतो, म्हणून त्यात तूप-दूध नाही. प्रमाण ग्रीक पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं : एक, दोन, तीन, चार. एक वाटी तेल, दोन वाट्या जाड रवा, तीन वाट्या साखर, चार वाट्या पाणी. आपल्या शिऱ्याचा हा लांबचा भाऊ, फक्त तेलातला आणि गार खायचा. साखर, पाणी, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा आणि संत्र्याची साल एकत्र उकळून ठेवा. दुसरीकडे तेलात रवा भाजा, आपण भाजतो त्याच्या पुढे, चांगला बदामी होईपर्यंत. बदामाचे काप हवे असतील तर रव्याबरोबरच टाका. मग आच बारीक करून पाक ओता. तो फसफसून कढईच्या काठाशी येतो, तेव्हा हात लांब ठेवा आणि कडेने थोडाथोडा घाला. गोळा कडा सोडू लागला की झाकून दहा मिनिटं ठेवा, खोल वाडग्यात दाबून भरा, गार झाल्यावर ताटात उपडा करा आणि वरून दालचिनीची पूड भुरभुरा. तेल साधं वापरलंत तरी चालेल. ऑलिव्ह तेल वापरायचं असेल तर निम्मं ते आणि निम्मं साधं घ्या, नाहीतर वास फार येतो. साखर तीन वाट्या म्हणजे तुम्हाला जास्त वाटेल. अडीच घातलीत तरी हलवा बिघडत नाही.